पाहुण्याची भाषा, आपले घर



आजचा विषय प्रथमदर्शनी थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. पर्यटनाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना परदेशी भाषा कशी शिकवावी, हे शिक्षकांनी आपसात बसून ठरवावे, त्यात आम्हा नागरिकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण बाहेरदेशीचा पाहुणा सोलापुरात येतो तेव्हा तो महाविद्यालयात येत नाही. तो सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभा राहतो, चादरीच्या कारखान्यात डोकावतो, भुईकोट किल्ल्यात फिरतो, तेथून पुढे पंढरपूरला किंवा विजापूरला जातो. त्या वेळी त्याच्याशी आपल्या गावाविषयी कोण बोलणार आणि काय बोलणार, हा साऱ्या गावाचा प्रश्न आहे. म्हणून तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम आज काय चालते ते पाहू. पर्यटनाच्या विद्यार्थ्याला बहुधा तीन निरनिराळ्या गोष्टी तीन निरनिराळ्या तासांना शिकवल्या जातात. एका तासाला फ्रेंच किंवा जर्मन भाषा. तीत नमस्कार-चमत्कार, खोलीचे भाडे, पॅरिसच्या आगगाडीची वेळ, उपाहारगृहातील पदार्थांची यादी. दुसऱ्या तासाला इतिहास आणि स्थळवर्णन, तेही मराठीतून किंवा इंग्रजीतून. तिसऱ्या तासाला परक्या लोकांशी कसे वागावे याचे नियम: जपानी माणसाला वाकून नमस्कार करावा, जर्मन माणसाला वेळ पाळलेली आवडते, अमक्याला तमके विचारू नये. हे तिन्ही कप्पे वेगळे राहतात आणि परीक्षेनंतर तसेच बंद होतात. प्रत्यक्ष पाहुणा समोर उभा राहिला की ते एकत्र जोडण्याचे काम त्या बिचाऱ्या विद्यार्थ्यावर येऊन पडते. मग तो पाठ केलेले भाषण म्हणून टाकतो आणि पाहुण्याने मध्येच एखादा प्रश्न विचारला की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो.

या कप्प्यांच्या भिंती काढून टाकाव्यात आणि विषयच परभाषेतून शिकवावा, असा एक मार्ग जगात काही वर्षे चालू आहे. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या गावी 1965 साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून आपल्या लहान मुलांना फ्रेंचमधून शाळा शिकवावयास लावली. मुलांचे इंग्रजी बिघडले नाही आणि फ्रेंच मात्र चांगले आले, असे तेथील अभ्यासकांना आढळून आले. पुढे 1994 साली फिनलंडमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड मार्श यांनी अशा शिक्षणाला एक नाव दिले. मराठीत त्याला आशय आणि भाषा यांचे एकात्म अध्यापन म्हणता येईल. भाषा आधी शिकून मग विषयाकडे वळावयाचे नाही. विषय शिकता शिकता भाषा शिकावयाची, असे हे तत्त्व आहे. युरोपात भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय या रीतीने शिकवले जातात.

पर्यटनाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या रीतीला एक अधिक अर्थ प्राप्त होतो. भूगोल परभाषेतून शिकला तरी भूगोल तोच राहतो. परंतु स्वतःचे गाव परभाषेतून सांगू लागले की गावच वेगळे दिसू लागते. कारण आपल्याला जे सांगावेसेही वाटत नाही, नेमके तेच पाहुण्याला ठाऊक नसते. हे कसे घडते ते तीन पाठांच्या आधाराने पाहू.

मागावरचा फ्रेंच पाठ

पहिला पाठ आपल्या घरचा, चादरीचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिची ख्याती आपणांस सांगावयास नको. तिच्यावरची नक्षी ज्या यंत्रामुळे उठते त्याला आपले विणकर जेकार्ड म्हणतात. हा शब्द मूळचा यंत्राचा नव्हे, तो एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ मारी जाकार हा फ्रान्समधील ल्याँ शहराचा रहिवासी. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने ताण्याचे धागे आपोआप वर उचलले जावेत अशी योजना त्याने 1804 च्या सुमारास सिद्ध केली. ल्याँ हे रेशीम विणणारांचे शहर. या यंत्राने आपला रोजगार जाईल या भीतीने तेथील विणकरांनी प्रथम त्याला कडवा विरोध केला. पुढे 1831 आणि 1834 साली त्याच शहरातील विणकरांनी मजुरीसाठी मोठे उठाव केले. गिरण्यांचे भोंगे आणि संप पाहिलेल्या सोलापूरकराला यात परके असे काय वाटावे?

आता कल्पना करा की हाच पाठ वर्गात फ्रेंचमधून चालला आहे. विद्यार्थी मागाला काय म्हणतात ते शोधतो, तेव्हा त्याला 'मेतिए' हा शब्द सापडतो. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ धंदा, कसब असा आहे. 'हा माझ्या वडिलांचा मेतिए' असे वाक्य त्याने केले तर त्यात माग आणि पेशा हे दोन्ही अर्थ येऊ शकतात. पुढे चादरीसाठी त्याला कोशात 'कूव्हेर्त्यूर' हा शब्द मिळतो. तो वापरला की फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे पलंगावरचे पांघरूण उभे राहते. पण आपली चादर पांघरतात, अंथरतात, प्रवासात तिची वळकटी करतात, आणि पाहुण्याच्या सत्कारात तीच त्याच्या हाती देतात. एका शब्दात हे मावत नाही. तेथे विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागतो की आपण चादरीचे काय काय करतो. हा विचार त्याने मराठीत कधीच केलेला नसतो, कारण मराठीत त्याची गरजच पडत नाही.

ही जी अडखळण्याची जागा, तीच शिक्षणाची जागा होय. शब्द अपुरा पडला म्हणजे दोन चालीरीतींमधील अंतर हाताला लागते. मायकेल बायरम या ब्रिटिश अभ्यासकाने 1997 साली परसंस्कृतीशी व्यवहार करण्याच्या कौशल्याचे विवेचन केले. परक्याविषयी मोकळी वृत्ती, त्याच्याविषयीचे ज्ञान, त्याच्या गोष्टीचा अर्थ लावून आपल्या गोष्टीशी ताडून पाहणे, बोलता बोलता नवे शोधून काढणे आणि आपल्या स्वतःच्या समजुतींचीही चिकित्सा करणे, अशी पाच अंगे त्याने सांगितली. यांतील ज्ञान हे एकच अंग नियमांच्या यादीने थोडेफार मिळते. बाकीची चार अंगे माणूस काही समजावून सांगू लागतो तेव्हाच कामाला लागतात.

कोटणीसांचे घर आणि शेवंतीची फुले

दुसरा पाठ चिनी भाषेचा. सोलापूरला चिनी भाषेची काय गरज, असा प्रश्न येथे तरी कोणी विचारू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी या शहरात झाला. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते. कोटणीस मात्र परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा तेथेच अंत झाला. भैय्या चौकातील त्यांच्या घरी आज त्यांचे स्मारक आहे आणि चिनी शिष्टमंडळे तेथे येऊन आदरांजली वाहून गेली आहेत. परदेशी माणूस केवळ सोलापूरसाठी सोलापुरात येतो असे हे ठिकाण आहे.

तेथे माहिती देणाऱ्या तरुणाने 'डॉक्टर कोटणीस' हे नाव कितीही स्पष्ट उच्चारले तरी सामान्य चिनी पाहुण्याला ते ओळखीचे वाटेलच असे नाही. त्याच्या शाळेत, त्याच्या पुस्तकात या डॉक्टरांचे नाव 'ख दीह्वा' असे आहे. यातील शेवटच्या 'ह्वा' या अक्षराचा अर्थ चीन. पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे अक्षर आहे. कोटणीसांनी क्वो छिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी 1941 साली विवाह केला. त्यांना 1942 साली मुलगा झाला, त्याचे नाव 'यिन्ह्वा', म्हणजे भारत आणि चीन. एवढी माहिती चिनी भाषेतील पाठातून ज्या विद्यार्थ्याला मिळाली, तो त्या घराच्या उंबऱ्याशी उभा राहून पाहुण्याशी निराळ्या रीतीने बोलेल. तो पाहुण्याला आपल्या गावच्या माणसाची माहिती देईल, आणि पाहुण्याकडून त्याच्या देशातील त्याच माणसाची हकीकत विचारूनही घेईल.

आता एक लहानशी गोष्ट पाहा. पाहुण्याचे स्वागत आपण हार घालून करतो आणि त्या हारात शेवंती असणे यात आपणांस काही वावगे वाटत नाही. दसरा-दिवाळीला ती आपल्या दाराशी असते. चीनमध्ये मात्र पांढरी आणि पिवळी शेवंती मृतांच्या स्मरणासाठी वाहतात. एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगच्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन ती ठेवतात. म्हणजे डॉक्टरांच्या पुतळ्यापुढे शेवंती ठेवली तर चिनी पाहुण्याला ते अगदी योग्य वाटेल, पण तीच पाहुण्याच्या गळ्यात घातली तर तो मनात चरकेल. फ्रान्समध्येही 1 नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर शेवंतीच ठेवतात. यावर नियमवाले म्हणतील, परदेशी माणसाला शेवंती देऊ नये, असा नियम करून टाकू. पण जपानकडे वळावे तर तेथे पांढरी शेवंती अंत्यविधीत असते आणि सोळा पाकळ्यांची शेवंती हेच सम्राटाच्या घराण्याचे चिन्हही आहे. नियम कोठे कोठे पुरणार? जो विद्यार्थी 'आम्ही मृतांना कसे स्मरतो आणि तुम्ही कसे स्मरता' हा पाठ चिनी भाषेतून शिकला, त्याला फुलाचा नियम पाठ करावा लागत नाही. हार देण्यापूर्वी विचारून घ्यावे, ही सवय त्याला आपोआप लागते.

कोटणीस हे स्वतःच या शिक्षणपद्धतीचे उदाहरण आहेत. चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हते. युद्धाच्या धामधुमीत, जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ते भाषा शिकले, आणि थोड्याच वर्षांत बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख म्हणून काम करीत विद्यार्थ्यांना चिनी भाषेतच शल्यचिकित्सा शिकवू लागले. आधी भाषा पुरी होऊ दे, मग काम करीन, असे ते म्हणत बसले असते तर ते सारे आयुष्य त्या भाषेच्या दारातच उभे राहिले असते.

पद्मपाणी आणि कान्नोन

तिसऱ्या पाठासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागेल, कारण आपले विद्यार्थी पुढे नोकरीला महाराष्ट्रभर जातात आणि परदेशी पाहुण्यांचा मोठा ओघ अजिंठा-वेरूळकडे असतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आपण सर्वांनी निदान छापील स्वरूपात तरी पाहिले आहे. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, ही माहिती प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. जपानी पाहुण्यालाही तीच सांगतो.

पण हा पाठ जपानी भाषेतून शिकताना विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की 'बोधिसत्त्व' या शब्दाला जपानीत 'बोसात्सु' हा जुना, घरगुती झालेला शब्द आहे आणि पद्मपाणी ज्याचे रूप आहे तो अवलोकितेश्वर जपानात 'कान्नोन' या नावाने देवळोदेवळी पुजला जातो. कित्येकदा तेथे त्याचे रूप स्त्रीसारखे सौम्य असते. नारा येथील होर्यूजी मंदिरातील भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याशी केली जात असे. ती चित्रे 1949 सालच्या आगीत करपून गेली. हे ज्याला ठाऊक आहे तो जपानी पाहुण्यापुढे परकी मूर्ती दाखवल्यासारखा बोलणार नाही. पाहुणा आपल्याच एका आप्ताला दूरच्या गावी भेटतो आहे, याची त्याला जाणीव असेल. आपण यजमान खरे. परंतु या चित्राचा काही अर्थ पाहुण्याच्या घरी अजून जिवंत आहे आणि आपल्याकडे तो पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे. हे नम्रपणे ओळखणे, हेही त्या कौशल्यातच मोडते.

एक आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून आपण विषय परभाषेतूनच शिकत आलो आहोत. विज्ञान, कायदा, वैद्यक, सारे इंग्रजीतून. मग या दीडशेहून अधिक वर्षांत आपल्या अंगी परसंस्कृतीची जाण का आली नाही? उलट पुष्कळांना आपल्या भाषेचीच लाज वाटू लागली.

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. केवळ माध्यम बदलल्याने काही साधत नाही. आपल्या महाविद्यालयांत इंग्रजी आली ती परीक्षेची भाषा म्हणून. तीत कोणी आपल्याला प्रश्न विचारीत नव्हते. आपणच पुस्तकातील उत्तरे परत करीत होतो. माझे घर, माझा माग, माझा देव परक्याला सांगण्यासाठी ती भाषा वापरली गेली नाही. म्हणून येथे सुचवलेल्या पाठाला तीन अटी घालाव्या लागतात. विषय आपल्या भूमीतला असावा. प्रत्येक पाठात पाहुण्याच्या देशातील त्याच जातीची एखादी गोष्ट बरोबरीने यावी, जशी चादरीबरोबर ल्याँची नक्षी. आणि पाठाचा शेवट प्रश्नांनी व्हावा, उत्तरांनी नव्हे.

प्रत्यक्षात हे असे करता येईल. चाळीस-पन्नास शब्दांचा एक लहान उतारा परभाषेत तयार करावा. विद्यार्थ्यांनी कारखान्यात जाऊन विणकराला, देवळात जाऊन पुजाऱ्याला विचारून माहिती आणावी. ही विचारपूस मराठीत, कानडीत, तेलुगूत, जी जवळची त्या भाषेत करावी. मग निम्म्या वर्गाने यजमान व्हावे, निम्म्याने पाहुणे, आणि सारे संभाषण परभाषेत व्हावे. शेवटी पंधरा मिनिटे मराठीत बोलावे: कोणता शब्द अडला, कोणत्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, पाहुण्याला काय चमत्कारिक वाटले असेल. मातृभाषेला वर्गाबाहेर घालवून हे शिक्षण होणार नाही, कारण अडखळलेल्या जागेचा विचार माणूस मातृभाषेतच करतो.

अडचणी आहेतच. फ्रेंचच्या शिक्षकाला मागाची माहिती नसते आणि पर्यटनाच्या शिक्षकाला फ्रेंच येत नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी परदेशी भाषा शिकून आलेले शिक्षक मिळू शकतात. परंतु ते एकटे पुरे पडणार नाहीत. दोन शिक्षकांनी एकाच वर्गात बसून एक पाठ रचावा, हाच त्यावर उपाय. त्यासाठी वेळापत्रकात जागा हवी आणि परीक्षेत पाठांतराऐवजी संभाषणाला गुण हवेत.

सोलापूरची शिदोरी

ज्या गोष्टीसाठी इतर शहरांना खटपट करावी लागेल ती आपल्याकडे उपजतच आहे. आपल्या ग्रामदैवताने, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात आपली वचने कन्नडमध्ये रचली आणि आज मराठी, कानडी, तेलुगू सर्व घरांतील माणसे संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला एकत्र जमतात. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांच्या शाळा पिढ्यान्पिढ्या शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. पद्मशाली विणकराच्या घरातील मुलगा घरी तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारच्या आजींशी मोडकी कानडी. एकच गोष्ट तीन माणसांना तीन रीतींनी सांगण्याचा अभ्यास त्याला दहाव्या वर्षापासून असतो. परंतु महाविद्यालयात पाऊल टाकताच त्याची ही विद्या विद्या मानली जात नाही. 'तुझी भाषा शुद्ध नाही' एवढेच त्याला सांगितले जाते. ही केवढी हानी आहे! ज्या कौशल्यासाठी फ्रेंच पुस्तके आणावयाची, त्याचा निम्मा भाग त्याच्यापाशी आधीच आहे आणि आपण तो दाराबाहेर ठेवावयास सांगतो.

म्हणून सुरुवात फ्रेंचपासूनही करू नये असे सुचवावेसे वाटते. आपल्या जिल्ह्यात येणारे बहुसंख्य पाहुणे परदेशी नसतातच. पंढरपूरला आणि अक्कलकोटला, तसेच शेजारच्या तुळजापूरला, कर्नाटक आणि तेलंगणातून यात्रेकरू येतात. संतांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग पंढरपूरच्या देवळाविषयीचा पहिला पाठ कन्नडमध्ये का होऊ नये? पालखीबरोबर दिंडी म्हणजे काय, दर्शनासाठी पायांवर डोके का ठेवतात, हे मराठी विद्यार्थ्याने कानडी यात्रेकरूला कानडीत समजावून सांगावे आणि त्याच्या गावच्या जत्रेची चौकशी करावी. तेथे चुकण्याची भीती कमी, आणि दुरुस्त करणारा मित्र त्याच वर्गातल्या बाकावर बसलेला. या पायावर फ्रेंच, जपानी, चिनी यांचे पाठ सहज उभे राहतील.

नागरिकांनी यात काय करावयाचे, हा पहिला प्रश्न आता परत घेऊ. आपल्यापैकी कोणाचा कारखाना असेल, कोणाचे उपाहारगृह, कोणी देवस्थानाच्या पंचांत असतील. महाविद्यालयातील मुले वही घेऊन दाराशी आली आणि 'हे असे का करता' म्हणून विचारू लागली, तर त्यांना वेळ द्यावा. त्यांचा प्रश्न बाळबोध वाटला तरी हसू नये; तो प्रश्न उद्याच्या पाहुण्याचा आहे. त्याचे उत्तर शोधताना कदाचित आपल्यालाही प्रथमच कळेल की आपल्या घरातील एखादी रीत आपण का पाळतो. अतिथीला देव मानण्याची शिकवण आपल्याकडे जुनी आहे. पण देवाशीही त्याला समजेल अशा भाषेत बोलावे लागते, आणि ती भाषा शिकता शिकताच आपण कोण आहोत हे नीट सांगता येऊ लागते. आपल्या मुलांना एवढे शिकवणे सोलापूरला कठीण नाही.